त्याच्या फोनातून चित्र येत नाही

शुक्रवार, संध्याकाळ

जिच्यापायी कॉलेज सोडलं ती पल्लवी आज आमच्या मोबाईलच्या दुकानात आली. होणाऱ्या नवऱ्याला घेऊन! उद्या साखरपुड्यात त्याच्या फोनातले दोघांचे फोटो टीव्हीवर दाखवायचेत, केबल पाहिजे.

मले फोन पाहताच समजलं. टाइप-सीचा पोर्ट महागड्या फोनासारखाच, पण कंपनीनं खर्च वाचवलेला. चार्जिंग होते, चित्र बाहेर येत नाही. दिसायला मात्र तोच पोर्ट! होऊ दे पाहुण्यांसमोर फजिती. दिली केबल.

तो म्हणाला, "भैया, एक बार लगाके दिखा दो."

पल्लवी हसली. "काहून? यानं देल्ली म्हणजे चालनच. हो ना रे?"

कॉलेज सोडल्यापासून असा भरवसा कोणी ठेवला माझ्यावर?

मी म्हटलं, "हव."