चार नंबरच्या खोलीतली विदलीन

प्रति,
मा. विभागीय परीक्षा अधिकारी,
शिक्षण कार्यालय, पोर्ट-ओ-प्रिन्स.

विषय : कु. विदलीन साँतेलिस हिला नववीच्या सरकारी परीक्षेस बसू देण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयातून दोनदा परत आलेला अर्ज.

महोदय,

अर्जदार इव्रोझ साँतेलिस, तळलेली केळी विकणारी बाई, सविनय कळविते की, गेल्या नोव्हेंबरात बंदूकवाले खालच्या वस्तीत शिरले तेव्हा ती मुलीचा हात धरून निघाली, ती या शाळेत येऊन टेकली. तेव्हापासून इतर सहा कुटुंबांसह ती खोली क्र. ४ मध्ये राहते. सकाळी घंटा झाली की सगळ्यांची बिऱ्हाडे अंगणात जातात, बाके आत येतात आणि नववीचा वर्ग भरतो. फळा विदलीन पुसते, खडूचे तुकडे विदलीन वेचते, आणि मग तिनेही बाहेर जायचे, कारण पटावर तिचे नाव नाही. ती खिडकीखाली पालथ्या बादलीवर बसून शिकते. पोरे तिला "ए बादली!" म्हणून चिडवतात, गणित अडले की तिलाच विचारतात.

पटावर नाव घेण्यास जुन्या शाळेचा दाखला लागतो. ती शाळा आता बंदूकवाल्यांच्या ताब्यात आहे. मात्र तिथल्या मुख्याध्यापिका मादाम ओदानी याच इमारतीत, खोली क्र. ६ मध्ये, चादरीच्या पडद्याआड राहतात. त्यांनी वहीच्या कागदावर दाखला लिहून सही केली व म्हणाल्या, "अगं इव्रोझ, पाच वर्षं शिकवलंय मी पोरीला. अजून काय हवं त्यांना?"

साहेब, शिक्का हवा. तो जुन्या शाळेच्या कपाटात राहिला. आपले कारकून म्हणाले, "बाई, शिक्क्याविना सही म्हणजे चिखलात उठलेली कोंबडीची पावलं." मग मादाम स्वतः आल्या. आपण मुख्याध्यापिका असल्याचे शिक्क्याचे पत्र आणा, असे त्यांना सांगण्यात आले. त्या दिवसापासून मादाम चादरीच्या पडद्याबाहेर फारशा येत नाहीत.

आता आपल्या पत्रान्वये हीच शाळा परीक्षा केंद्र झाली आहे. खोली क्र. ४ मध्ये चाळीस मुले बसतील. यादीत नाव नसलेल्यांनी फाटकापासून शंभर पावले दूर राहायचे आहे. ज्या फरशीवर विदलीन निजते तिथेच परीक्षा होईल. मुलगी विचारते, "आई, त्या दिवशी आपण कुठे बसायचं गं?"

तरी विनंती की विदलीनला परीक्षेस बसू द्यावे. नियमात बसत नसल्यास तिला पेपर नुसता लिहू द्यावा, तपासू नये. तेही जमण्यासारखे नसल्यास, हजेरी घेताना यादीच्या शेवटी तिचे नाव एकदा मोठ्याने पुकारावे व पुढे 'गैरहजर' लिहावे. शंभर पावलांवरून ऐकू येईल इतके मोठ्याने पुकारावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
इव्रोझ साँतेलिस
खोली क्र. ४
दिनांक : २ जून

सोबत :
१) दाखला, वहीच्या कागदावर (शिक्का नाही).
२) विदलीनच्या या वर्षीच्या वह्या, चार. पाहून झाल्यावर लवकर परत मिळाव्यात. तिचा अभ्यास चालू आहे.