पहाटे सुरू न होणारी मोटार

इंदोरा, नागपूर
४ डिसेंबर १९७८

प्रिय शामला चंद्रभान गजभिये,

सप्रेम जयभीम. तू गेल्यापासून तुझ्या नावाआधी ‘कालकथित’ लिहावे असा शिष्टाचार आहे. पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेत मी तो पाळला. येथे पाळीत नाही.

पत्रास कारण की, तुझी मोटार पहाटे सुरू होत नाही. दुपारी पहिल्याच किल्लीला सुरू होते. पहाटे मात्र दोनदा खोकते, क्षणभर थरथरते आणि बंद पडते. मग भैय्याजींच्या त्या भाड्याच्या गॅरेजच्या पत्र्यावर ऊन येईपर्यंत मी नुसता बसून राहतो. बॅटरी चार्ज करून आणली. देवाजी मिस्त्रींनी प्लग घासले, पॉइंट पाहिले. आता कार्बोरेटर उघडू म्हणतात. मी थांबविले आहे. दुपारी निर्दोष चालणाऱ्या गाडीचा दोष थंडीशीच निगडित असला पाहिजे. इंजिन थंड असता चोकची खुंटी पूर्ण बाहेर ओढावी, असे माहितीपुस्तिका सांगते. मी ती पूर्ण ओढतो आणि मगच किल्ली फिरवितो.

गाडी जयाला द्यायची, हे आपण दोघांनी ठरविले होते. ती पारशिवनीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झाली असून तुझ्या बहिणीकडे, अंजनाबाईंकडे राहते. बाळंतपणाचे निरोप पहाटेच येतात. परवा ती कोणाच्या तरी सायकलवर मागे बसून गेली आणि मूल जन्मल्यानंतर पोहोचली. मायलेकरे सुखरूप आहेत, हे सुदैव. ऐन वेळी अडणारी गाडी मी मुलीच्या स्वाधीन करणार नाही. आजच अंजनाबाईंनाही सविस्तर लिहीत आहे.

लोभ होता तसाच आहे.

चंद्रभान


पारशिवनी
११ डिसेंबर १९७८

ती. भाऊजींस अंजनाचा सा. जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र भेटलं. जयाले वाचून दाखवलं. बाबा पत्र लिहितात का सरकारी अहवाल, म्हणून हसली. मग उठून आत गेली अन् डोळे लाल करून आली.

भाऊजी, राग मानू नका, पण खरं सांगा. गाडी सुरू होऊन नाही राहिली, का तुमच्यानं ती सोडवत नाही? आमचे हे तं म्हणते, राहू दे त्यायची गाडी त्यायच्यापाशी, जयासाठी जुनी मोपेड पाहू. म्या म्हटलं, काहून जी, जंगलाच्या रस्त्यानं अंधारात पोरगी मोपेडवर धाडता? तुम्ही जा एकडाव, मग सांगा मले.

एक गोष्ट आठवली. मागच्या हिवाळ्यात ताई शाळा तपासाले निघाली तं मले संगं घेऊन गेली. थंडीनं कान गळून पडते का काय, असं झालं होतं. पाहतो तं चोकच्या खुंटीवर कपडे वाळवायचा लाकडी चिमटा! म्या तो काढला अन् शालीले लावला. झालं. गाडी दोनदा खोकली अन् गपगार. ताई अशी भडकली का विचारू नका. म्हणे, काहून काढला वं तो? खुंटी झिजली आहे, ओढून सोडली का हळूच आत सरकते, तो चिमटा तिले धरून ठेवते. तू तुही शाल सांभाळ, माह्या गाडीले हात नोको लावू. पुढं इंजिन तापलं का स्वतःच चिमटा काढे अन् पदराले लावे.

तं चिमटा आहे काय जागेवर? नसन तं कोणी काढला हे विचाराची गरज नाही. कॉलेजातली पुस्तकं लावता लावता तुम्हाले सवयच लागली. तुमच्या घरी म्या तक्क्या हलवला का मागून येऊन सरळ करता.

जयाले शनिवारी सुट्टी आहे. धाडू का, ते कळवा. मेहुणीची थट्टा पोटात घालजा अन् माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची अंजना


इंदोरा, नागपूर
१४ डिसेंबर १९७८

सौ. अंजनाबाई यांस सप्रेम जयभीम, वि. वि.

आपले अनुमान अचूक आहे. पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी मी मोटार आतून स्वच्छ केली. शामलाचा चष्मा कपाटात ठेवला, खडूंची पेटी टेबलावर ठेवली, आणि चिमटा कपड्यांच्या दोरीचा म्हणून दोरीवर लावला. ज्या फळीचे पुस्तक त्या फळीवर, हीच माझी आजवरची नोकरी. तेव्हापासून तो चिमटा माझे सदरे धरून आहे. दोरीवर तसे अनेक आहेत. तिचा कोणता, हे मला ओळखता आले नाही. हाताला आला तो घेतला.

आज पहाटे खुंटी ओढली, चिमटा लावला, किल्ली फिरविली. गाडी खोकली, थरथरली आणि सुरू राहिली. मी बराच वेळ उतरलो नाही.

आपण विचारले होते की गाडी सुरू होत नाही की माझ्याने सोडवत नाही. उत्तर : दोन्ही. जयाला शनिवारी अवश्य पाठवावे.

आपली थट्टा मला चालते. ती बंद पडू देऊ नये, ही विनंती.

आपला,
चंद्रभान गजभिये


इंदोरा, नागपूर
१७ डिसेंबर १९७८

प्रिय शामला,

सप्रेम जयभीम. जया काल सायंकाळी आली आणि आज पहाटे गाडी घेऊन गेली. सर्व तिनेच करावे, मी हात लावणार नाही, असे मी बजावले होते. तरी चिमटा केव्हा काढावा हे सांगू लागलोच. तिने मध्येच अडविले. म्हणाली, इंजिनाचा आवाज बदलला की काढायचा, बाबा. आईजवळ गाडी शिकली कोण, तुम्ही का मी?

चौकापर्यंत तरी बसा म्हणाली. मी डावीकडे, माझ्या नेहमीच्या जागी बसलो. चौकात उतरताना तिने सांगितले की रुग्ण नसतील त्या रविवारी ती मला न्यायला येईल. मी म्हटले, त्याची आवश्यकता नाही. त्यावर, मी विचारून नाही राहिली, सांगून राहिली, असे म्हणून तिने गाडी काढली. तू असेच बोलत असायचीस. वळण येईपर्यंत तिने मागे पाहिले नाही. गाडी चालविणाऱ्याने पाहूही नये.

पायी परत आलो. गॅरेज झाडून काढले. फरशीवरचा तेलाचा डाग निघाला नाही. भैय्याजी म्हणाले, गॅरेजच्या किल्ल्या असू द्या मास्तर, पोरगी आली की गाडी ठेवायला जागा लागेल. मी त्यांचे आभार मानले आणि सांगितले की ती येईल तेव्हा गाडी आपल्या दारासमोर उभी राहील. मला ती खिडकीतून दिसावी, अशी माझी इच्छा आहे.

प्रकृती बरी आहे. माझ्याविषयीचा लोभ आता जयाकडे सोपवावास.

तुझा,
चंद्रभान

ता. क. गॅरेजचे दार कुलूपबंद केले. किल्ल्या भैय्याजींना परत केल्या.