चमच्यातला च

बाबा,

"चर्चमधलं गाणं खलास," असं तुम्ही काल जेवताना जाहीर केलंत. तसं काही झालेलं नाही. नाताळला मी गाणार आहे.

माझ्या ऑफिसातल्या हालिनाबाई मला ऊद मेथा भागातल्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. तिथे पोलिश लोक गावाकडून आणलेली नाताळची गाणी म्हणतात. त्यांची इथे परदेशात वाढलेली मुलं इंग्रजीतच उत्तरं देतात, माझ्यासारखी, आणि गायला येत नाहीत. पोलिशमध्ये रात्रीला 'नोत्स' म्हणतात. पोलिश नसलेले सगळे स्पेलिंग वाचून त्याचं 'नोक' करतात. मला ते पहिल्याच दिवशी जमलं. बाईंनी विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

आपल्या जेवणाच्या टेबलावर शिकले, बाबा. लहानपणी मी चमचा हिंदीसारखा म्हणायचे, तेव्हा "चमच्यातला च नीट म्हण, मग जेव," असं कोण बजावायचं? त्याच 'च'मुळे मला पहिलं कडवं एकटीने गायला मिळालंय. धर्म आहे तिथेच आहे. परक्यांची गाणी कशाला, असं मात्र म्हणू नका. ही जीभ तुम्हीच वळवलीत.

हे पत्र तुम्हाला देणार नाही, तुम्ही शुद्धलेखन तपासत बसाल. उच्चार तपासायचा असेल तर चर्चमध्ये यावं लागेल.

तुम्हीच शिकवलेली,
केतकी