फिर्यादी, वय एकाहत्तर

सोलापूर

प्रिय अप्पा,

फोन केला की तुम्ही तो मल्लिनाथच्या हातात देता आणि मागून "बरा हाय म्हणून सांग की तिला" म्हणता. म्हणून हे पत्र. रजिस्टरने पाठवते आहे, म्हणजे ते तुमच्याच हातात पडेल. त्याला, तुमच्या लेकाला, दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तुम्ही घर बंद करून वैरागला का गेलात, हे त्याला आजही ठाऊक नाही. सोलापूरच्या चार दिवसांआड येणाऱ्या पाण्याला कंटाळून गेलात, असंच तो समजतो. कारण इतकं पटण्यासारखं होतं की दुसरं कुणी शोधलंच नाही.

इकडे ठीक आहे. चावी शेजारच्या कमलम्मांकडे असते, त्या अंगण झाडून घेतात. आमच्या सायबर पोलीस ठाण्यात काम वाढलं आहे, माणसं तेवढीच. मार्चमध्ये मला दिल्लीला दहा दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. अकरा देशांचे पोलीस आले होते. या गुन्ह्यात चोर एका देशात, फसलेला माणूस दुसऱ्या आणि कॉम्प्युटर तिसऱ्याच देशात असतो. तर या देशांनी एकमेकांना मदत करायची कशी, हा विषय. कुठला पुरावा किती तासांत जपून ठेवायला सांगायचा, कुठला कागद कुठल्या खात्यातून पाठवायचा, असं सगळं. शिकवणाऱ्या साहेबांनी सांगितलं की आपला कागद दुसऱ्या देशात पोचायला आठ महिने लागतात, चोराला आठ सेकंद पुरतात. सगळे हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, पण सगळ्यांची गत तीच होती.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या ठाण्यातली एक केस मांडायची होती. माझ्याकडे चारशे होत्या. मी तुमची मांडली.

नाव सांगितलं नाही. फिर्यादी, वय एकाहत्तर, निवृत्त बेलीफ, एवढंच. खरं तर फिर्यादी म्हणणंही खोटं, कारण फिर्याद तुम्ही दिलीच नाहीत. "नाव नको कुटं यायला" म्हणालात आणि मीही नोंद केली नाही, जी करणं माझं काम होतं. बेलीफ म्हणजे काय, ते मला त्या लोकांना समजावून सांगावं लागलं. सांगितलं की या माणसाने एकतीस वर्षं बार्शी, टेंभुर्णी, माळशिरस पालथं घालून कोर्टाची समन्सं बजावली. लोक मागच्या दाराने पळायचे, हा पुढच्या दारात बसून राहायचा. अशा माणसाच्या मोबाईलवर गोल शिक्क्याचा कोर्टाचा हुकूम आला आणि व्हिडिओ कॉलवर वर्दीतला एक साहेब दिसला. तुम्हाला घरातच अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, म्हणाला. कोर्टाचा कागद टाळायचा नसतो, हे त्याच्या अंगात मुरलेलं. कोर्टाची पायरी न चढलेला माणूस कदाचित वाचला असता.

तिसऱ्या दिवशी कमलम्मांचा मला फोन आला, "अप्पा दार उघडंना झालेत, दुधाची पिशवी तशीच पडलीय," म्हणून. मी ड्युटीवरून तशीच आले. माझी वर्दी बघून तुम्ही खुर्चीतून उठलात आणि दोन्ही हात पुढे केलेत. बेडी घालायला. "तू पोलीस म्हणून आलीस का लेक म्हणून, आदी ते सांग," म्हणालात. मला रडू आलं नाही, अप्पा. राग आला. तुमचाच. हे मी आजवर बोलले नव्हते. पैशांचं मी काही म्हणत नाही, ते गेले.

तुमची वही माझ्याकडे आहे. तुम्ही रद्दीत टाकली होती, मी काढून घेतली. समन्स बजावताना वेळ टिपायची सवय तुम्हाला त्या तीन दिवसांतही सुटली नाही. सकाळी ६.१५, लिंगपूजेस परवानगी मागितली, मिळाली, कॅमेरा चालू ठेवून. ९.४०, अंघोळीस परवानगी. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १.१०, साहेबांना जेवण झालं का विचारलं. कालपासून नाही, बाहेर सोडत नाहीत, असं हळू म्हणाले. मागून कुणी ओरडलं. कॉल बंद. १.५०, साहेब पुन्हा आले, आवाज बदललेला.

ज्याने कोंडून ठेवलं त्याला जेवलास का विचारणारा माणूस माझा बाप आहे, हे मी त्या हॉलमध्ये सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं होतं.

शेजारच्या देशातल्या एक निरीक्षक बाई माझ्या पुढच्या रांगेत होत्या. वहीतल्या या नोंदी मी वाचून दाखवत होते, तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि तारीख, वेळ पुन्हा वाचायला लावली.  त्या आपल्या देशात परत गेल्यावर त्यांचा मेल आला.

त्यांच्याकडे एक माणूस अटकेत आहे. नोकरीच्या आमिषाने त्याला परदेशात नेलं, पासपोर्ट काढून घेतला, तारेच्या कुंपणात ठेवून हे कॉल करायला लावले, असं तो सांगतो. असं सगळेच सांगतात, म्हणून कोर्ट ऐकत नाही. त्याच्या जबाबात एक गोष्ट आहे. हिंदुस्थानातल्या एका म्हाताऱ्याने जेवणाबद्दल विचारलं, तो खरं बोलून गेला, म्हणून त्याची दोन बोटं मोडली. तारीख तीच, वेळ तीच. तो स्वखुशीने तिथे नव्हता, याला दुसरा पुरावा नाही. वही एकटी चालत नाही, लिहिणाऱ्याने शपथेवर सांगावं लागतं. म्हणजे इथल्या कोर्टात, पुन्हा एका कॅमेऱ्यासमोर, तुमच्या पूर्ण नावानिशी. मल्लिनाथला कळेल, गल्लीला कळेल. नाही म्हणालात तर कुणी जबरदस्ती करणार नाही, मी तर नाहीच. त्याला मग सात वर्षं होतील. दहा तारखेपर्यंत काय ते कळवा. तो मेल येऊन आज सतरा दिवस झाले. कामाच्या गडबडीत राहिला असं नाही, मी रोज उघडून वाचत होते. मला विचाराल तर तो आतच राहावा, असं मला अजून वाटतं. म्हणून हे मी ठरवू नये.

तुमचीच,
सिद्धेश्वरी