नऊ माणसं, तीन खोल्या

सोम. ३० जाने. २००६
मला बघायला अफजलपूरहून नऊ जण येणार. ११ तारखेला शनिवारी संध्याकाळी पोचतील, रविवारी बघणं, दुपारच्या गाडीने परत. अण्णाला म्हटलं, नऊ कशाला, पाच आले तर बिघडतं का. तो म्हणाला, "शुभ कामाला विषम आकडा पायजे म्हनले. पाचावर कुनी ऐकंना, सात बी झाले न्हाईत, नऊवर थांबले. नशीब समज."

अप्पांना हे सगळं गावी, मुडबीला हवं होतं. मी नाही म्हटलं. मागच्या वर्षी उदगीरचे लोक मुडबीला आले, जेवले, पान खाल्लं, गेले ते गेलेच. दोन महिने आई पिठाच्या गिरणीत गेली की कुणीतरी विचारायचं, शोभाचं काय झालं गं. इथे बिदरात निदान कुणी कुणाला विचारत नाही. पण इथल्या कोळार औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या दोन खोल्या, त्यात मी, अण्णा, वहिनी. नऊ पाहुणे ठेवायचे कुठे? लॉजच बघावा लागणार.

गुरु. २ फेब्रु.
जेवणाच्या सुट्टीत स्टँडमागच्या लॉजला फोन केला. औषध कंपनीत माझं काम पॅकिंगच्या नोंदींचं, पण बाहेरून तपासणीला साहेब आले की त्यांची खोलीही मीच सांगते. त्यामुळे मॅनेजर आवाज ओळखतो. हल्ली नियम कडक झालाय म्हणाला. एका खोलीत तिघं, चौथा खाली सतरंजीवरसुद्धा नाही. मध्यंतरी पोलिस रजिस्टर तपासून गेले. लग्नसराई असल्यामुळे खोल्या तीनच शिल्लक.

तीन त्रिक नऊ. इतकं नेमकं बसलं की माझं मलाच कौतुक वाटलं. बुकिंग माझ्या नावावर.

मंगळ. ७ फेब्रु.
ही सोयरीक व्हावी असं मला वाटतं. इथे लिहायला हरकत नाही, वही कुणी वाचत नाही.

प्रकाश साखर कारखान्यात टाइमकीपर आहे. गेल्या महिन्यात वहिनीला शेजारी बसवून सात-आठ मिनिटं फोनवर बोललो. मी आडवळण घेतलं नाही. विचारलं, माझ्या नोकरीचं काय? तो म्हणाला, "सोडू नका. मीच तिकडं कोळारला अर्ज टाकायलोय." आतापर्यंत मला इतक्यांनी बघितलं, असं कुणी म्हटलं नव्हतं. सगळे पगार विचारतात आणि मग म्हणतात, लग्नानंतर बघू.

वहिनी म्हणते, चेहऱ्यावर दिसू देऊ नकोस. एवढं दिसतं का?

शनि. ११ फेब्रु.
सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

पाळी सुटायला अर्धा तास होता, ऑफिसच्या नंबरवर अण्णाचा फोन. "आत्ताच्या आत्ता लॉजवर ये." मी म्हटलं, वेड लागलंय का? उद्या बघणं आणि आज मी तिकडे? म्हणाला, मंडळी खोलीत जायला तयार नाहीत, आणि काही बदल करायचा तर ज्याच्या नावावर बुकिंग त्याचीच सही मॅनेजरला पाहिजे. कंपनीचा निळा कोट अंगावर तसाच, रिक्षा केली.

लॉजच्या पायरीवर प्रकाशची आत्या बसलेली. त्यांच्या घरात सगळ्यात मोठी, शब्द तिचाच. भोवती पिशव्या. अण्णा घामाघूम, अप्पा टोपी हातात घेऊन उभे. आत्या अण्णाला म्हणत होती, "आमाला तीन-तीन वाटून दिलाव व्हय? सोयरिकीला आलेली मानसं कुटं तिघं-तिघं निजतेत का? कुनी केलं हे?"

मी केलं. शुभ कामाला आई कधी तिघांना घराबाहेर पडू देत नाही. आम्ही तिघं भावंडं निघालो की चौथा म्हणून माझ्याच हातात खडा द्यायची, तो मी मुडबीच्या वेशीपर्यंत मुठीत धरून जायची. हे सगळं माहीत असून मी पाढा म्हटला आणि खूश होऊन बसले. अप्पांच्या लक्षात आलं नाही, अण्णाच्याही नाही. आम्हा सगळ्यांना फक्त नऊ दिसत होते.

प्र.चे काका म्हणाले, "अक्का, खडा ठिवू की एकेका खोलीत." आत्या म्हणाली, "खडा वाटंला चालतो. निजायला न्हाई."

मॅनेजरपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, चार, चार आणि एक असं करून द्या, कुठे सही पाहिजे तिथे करते. त्याने रजिस्टरवर पंजा ठेवला. "चौथा नक्को बहन. मेरी नौकरी जाती." मग स्वतःच गावातल्या दुसऱ्या तीन लॉजना फोन लावून बघितले. कुठेच खोली नाही. माणूस वाईट नव्हता, पण हलेना.

एका कागदावर मांडून बघितलं. तीन खोल्या, एकीत तिघांच्या वर नाही, तर नऊ जणांची दुसरी वाटणीच होत नाही. एकाला बाहेर काढलं तरी कुठेतरी तिघं राहतात. दोघांना काढलं तरी राहतात. तिघांना काढावं तर तेच तिघं.

काका तापले. "पिशव्या उचला. गुलबर्ग्याची गाडी अजून हाय." अप्पांनी हात जोडले. माझ्या बापाने लॉजच्या दारात हात जोडले आणि मला भयंकर राग आला. म्हाताऱ्या बाईच्या हट्टापायी हे? तोंडाशी आलं होतं, बोलणारच होते. तेवढ्यात प्र.ची आई जवळ आली. कोटामुळे मी तिला लॉजमधलीच कुणी वाटले असणार. हळूच म्हणाली, "बाई, तिच्यावर रागावू नका. तिच्या पोरीच्या सोयरिकीला तिघंच गेलते. ही नको नको म्हनत होती, कुनी ऐकलं न्हाई. पोरगी दोन वर्सांत गेली. बाळंतपनात."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. लाजच वाटली.

पायरीवर आत्याशेजारी बसले. म्हटलं, "आत्या, तुमी चौघी बायका आमच्या घरी चला. हितं पाच बापे उरतेत. दोन, दोन, एक. कुटंच तीन न्हाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आमच्या म्हंजी कुनाच्या? तू कोन?"

"मी शोभा."

प्र. पिशव्यांपाशी होता, त्याने एकदा बघितलं आणि मान खाली घातली. हसला की काय कोण जाणे. अण्णाने माझा दंड धरून बाजूला ओढलं. "काय बोललीस कळतंय का तुला? ठरल्याबिगर पोरीच्या घरी कुनी रात काढत न्हाई. उद्या न्हाई म्हनले तर? मुक्काम करून नाकारली म्हनतील गल्लीत. परत कोन येईल?"

कळत होतं. मी म्हटलं, मग तुझ्याकडे दुसरं काही असेल तर सांग. त्याने दंड सोडला.

आत्याला उठायला वेळ लागला. गुडघे धरलेत. काका म्हणाले, "अक्का, रीत हाय का ही?" ती म्हणाली, "रीत मला बी कळती. ही मोडली तर चालंल. ती न्हाई."

मी रजिस्टरात चार नावं कमी केली, सही केली. पुरुष वर गेले. काका सगळ्यांत पुढे, मागे न बघता.

रवि. १२ फेब्रु.
सकाळी सहाला उठले तर आत्या आधीच ओट्यापाशी. चहा टाकलेला. आमच्या घरचा चहा ती बघण्याआधी प्यायली, मलाही दिला. मधेच म्हणाली, "नोकरी सोडनार न्हाईस म्हने."

म्हटलं, "न्हाई."

"माझी पोरगी शिवनकाम करायची. तिकडं मशीन बंद केले तिचं." एवढंच. मग साखर कुठे ठेवता ते विचारलं. मी तिला सांगायला हवं होतं की कालची वाटणी माझी चूक होती. राहिलं.

अकराला पुरुष लॉजवरून आले. पोहे, चहा. जिने मला रात्रीच्या फाटक्या गाऊनमध्ये बघितलं तिच्यासमोर मी इरकल नेसून मान खाली घालून बसले. सगळंच नाटक वाटत होतं. प्र. काही विचारेना. काकांनी विचारलं, "लॉजचं बुकिंग पोरीच्या नावावर कसं काय?"

अण्णा उत्तर देणार होता. मीच दिलं. कंपनीची माणसं तिथे उतरतात, त्यांचं मी बघते, ओळख आहे म्हणून.

काका म्हणाले, "बोलकी हाय." आणि चहा खाली ठेवला. अर्धा तसाच. वहिनी म्हणते हे वाईट. अप्पा म्हणतात, कौतुकाने म्हणाले. अप्पांना कौतुक कुठेही ऐकू येतं.

अडीचच्या गाडीने गेले. "कळवताव."

सोम. १३ फेब्रु.
समोरच्या काकू सकाळी नळावर: "पाहुण्या रात्री राहिल्या म्हणजे ठरलंच की. पेढे कधी?" बिदरात कुणी कुणाला विचारत नाही असं मीच लिहिलंय वर. वाचून हसू आलं नाही.

अण्णा माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढलं तर वहिनीला सांगतो, तिला म्हणावं पुरे.

शुक्र. १७ फेब्रु.
काही नाही.
कामावर एका पानावर चुकीचा बॅच नंबर लिहिला. खोडून सही करावी लागली. चार वर्षांत पहिल्यांदा.

रवि. १९ फेब्रु.
अप्पांचा मुडबीहून फोन. "मीच फोन लावू का त्यांला?" मी म्हटलं, मुलीच्या बापाने पहिला फोन केला तर हलकं दिसतं. फार शहाणपणाने सांगितलं. आणि स्वतः सकाळपासून दहा वेळा अण्णाच्या मोबाइलकडे बघून झालंय.

बुध. २२ फेब्रु.
हे स्थळ मावसकाकांनी सुचवलं होतं, त्यांच्याकडून आज कळलं. अफजलपूरच्या घरात दोन तट पडलेत. आत्या म्हणते, सून हीच. प्र.चे काका म्हणतात, बायकांना घरी नेऊन खाऊपिऊ घातलं आणि सोयरीक गळ्यात बांधायला बघितली, आम्हाला मात्र लॉजवर टाकलं. आज लॉजवर हुकूम चालवते, उद्या आमच्या घरात चालवील.

हुकूम. मी त्या पायरीवर कशी बसले होते ते त्यांनी बघितलं नाही का? बरं, त्यांचा राग अगदीच खोटा म्हणता येत नाही. मान त्यांचा होता आणि वाटणी मी केली, दोन्ही वेळा.

मी विचारलं, आणि प्रकाश काय म्हणतो? मावसकाका म्हणाले, "त्याला कोन इचारतंय."

मी विचारलं होतं. सगळ्यांच्या आधी. त्याचं उत्तर मला पाठ आहे. ते त्याला घरात म्हणता येतंय की फोनवरच येतं, एवढंच मला कळायचंय.

गुरु. २३ फेब्रु.
ऑफिसच्या नंबरवर फोन. मला वाटलं अण्णा. प्र. होता.

"शनिवारी येतोय. एकटा. तुमच्याशी बोलायचंय. अण्णांना सांगा."
म्हटलं, काय बोलायचंय?
"समोर सांगतो."
आवाज साधा. मागे कारखान्याचा भोंगा वाजला, पुढचं ऐकूच आलं नाही. काहीतरी म्हणाला होता.

घरी सांगितलं. अण्णा दहा दिवसांनी माझ्याशी बोलला, तेही हे: "एकटा मानूस सोयरीक जोडायला येत न्हाई. तोंडावर न्हाई म्हनायला येतो." वहिनी म्हणाली, "न्हाई म्हनायला फोन काय वाईट होता? एवढे बसचे धक्के खात कोन येतंय?" दोघांची जुंपली. शेवटी अण्णा म्हणाला, घरात तर उतरवून घेणार नाही, आणि लॉजवरही खोली सांगणार नाही. येऊ दे आणि जाऊ दे.

त्याला भीती वाटतेय, माझ्यासाठीच. मला माहीत आहे. पण भीती मलाही वाटतेय, आणि माझी मोठी आहे.

शुक्र. २४ फेब्रु.
पाळी सुटल्यावर लॉजवर गेले. घरी सांगितलेलं नाही, रात्री जेवताना सांगेन.

एक खोली, उद्याची. बुकिंग माझ्या नावावर. मॅनेजरने विचारलं, कितने लोगां? म्हटलं, एक. त्याने वर बघितलं आणि पेन उचललं. प्रकाशचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. पुढच्या रकान्यावर पेन टेकवून म्हणाला, "आपका कौन लगता?"

कंपनीत आमच्याकडे रकाना रिकामा सोडत नाहीत. लिहायचं नसेल तर आडवी रेघ मारून सही करतात. त्याचा हात रेघेकडेच वळायला लागला होता. मी म्हटलं, रेघ नका मारू. रविवारी येऊन सांगते.