साहेबासाठी राखलेला घडा

जुने शहर, अकोला
कार्तिक शुद्ध नवमी, शके १७८६

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्या शालिकरामाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे सर्व ठीक. कापसाला असा भाव चढलाय, की गाडीवाल्यांच्या कानांतही सोनं दिसायला लागलं.

तुझं पत्र पोचलं. भावजी शुद्धीवर आले, जीव भांड्यात पडला. मनकर्णा माळणीनं करणी केली म्हणून पौर्णिमेला तिला गावाबाहेर काढणार, हेही वाचलं. बिचारी भाऊबीजेच्या दिवशी भाजी द्यायला तुझ्या दारी आली, एवढंच ना?

माझ्या दारूच्या दुकानाचं विचारलंस. दारू विकायच्या सरकारी मक्त्याच्या लिलावात ईर्षेनं मी बोली फार चढवली. त्यात सरकारनं बाटलीचा भाव ठरवून दारावर पाटी लावली. भाव वाढवता येईना, म्हणून पाणी वाढवलं. गिऱ्हाईक कुरकुरलं, "शालिकराम, मोर्णा नदीचं पानी पाजून राहिले का तुमी?" मग नशा चढावी म्हणून धोतऱ्याचं बी कुटून घातलं. थोडंसंच. सगळेच घालतात.

ताई, मी आडवळणानं लिहितोय. हे पत्र तुला महादेवराव पाटील वाचून दाखवणार आणि ओसरीवर चार माणसं ऐकणार, हे मला ठाऊक आहे.

तपासणीला साहेब येतो, त्याच्यासाठी चोख दारूचा एक घडा मी वेगळा राखतो. भाऊबीजेला निघताना भावजींची बाटली त्यातूनच भरणार होतो. पण जिवावर आलं. गिऱ्हाइकांच्या घड्यातून भरली. भावजी हसून म्हणाले, "माह्या साळ्याच्या दुकानची हाय, मले कायची भीती?" थोड्याच वेळात ते भिंतीशी बोलायला लागले, हवेतले धागे वेचायला लागले. मला तिथंच कळलं. तू रडत म्हणालीस, "त्या मनकर्णीनंच काही केलं, नाई का रे शालिक?" आणि मी मान हलवली.

खरं सांगायला तुझ्याकडे यायला निघालो आणि दोनदा गाडीतून उतरलो. लाज वाटते ताई, फार लाज वाटते.

पाटील, आता पुढचं मोठ्यानं वाचा. मनकर्णेनं काही केलेलं नाही. भावजींना विष मी पाजलं. तिच्या अंगाला कुणी हात लावू नका. मक्ता जाईल, तुरुंगही होईल, होऊ दे. पौर्णिमेच्या आत चावडीवर येऊन हेच सांगेन. या खेपेला गाडीतून उतरणार नाही.

ताई, यापुढं मला ओवाळायचं की नाही, ते मनकर्णेला विचारून ठरव.

तुझ्या ताटातल्या दिव्यासमोर खोटं बसलेला,
शालिक