पोरींचे दाखले परत पाठवतोय

तीर्थरूप आईस,
रहिमतपूरच्या तळावरून दिग्विजयचा नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. मेंढरं उसाच्या मोकळ्या रानात बसवलीत. दादाचा खोकला थांबलाय. तुझे गुडघे कसे आहेत?

शनिवारी वहिनी दोन्ही पोरींना आणि हे पत्र घेऊन एसटीनं येतेय. गावाकडून निजामचा फोन आला होता. सोमवारी साहेब आपल्या शाळेचा पट मोजायला येणार. सहाचा पट चारावर आलाय, शाळा बंद करून मॅडमची बदली करतील म्हणे. कमी झालेल्या दोघी आपल्याच.

निघायच्या दिवशी मॅडम चारचौघांत म्हणाल्या, "तुम्ही कॉलेज अर्ध्यात सोडलंत, पोरींना तरी शिकू द्या." माझं डोकं फिरलं. दादाची सही घेऊन दोघींचे दाखले मागितले. त्यांनी तिथंच लिहून दिले.

इकडच्या शाळेत घालीन म्हणालो होतो. पण आठवड्याला तळ हलतो, शाळा कुठली? दाखले माझ्या पिशवीतच राहिले. काल दादा म्हणाला, "तुझ्या रागापायी पोरींनी मेंढरांमागं हिंडायचं का रं?"

दाखले पत्रासोबत आहेत. सोमवारच्या आत नावं घालून घे. पोरी आता तुझ्यापाशीच राहतील.

तू माझी पत्रं मॅडमकडूनच वाचून घेतेस, ठाऊक आहे मला. तवा मॅडम, इथं थांबू नका, मोठ्यानं वाचा, आईलाही ऐकू द्या. चूक माझी होती. आणि हे सगळं फक्त पोरींसाठी करतोय म्हणालो, तर ते खोटं होईल.

तुझा,
दिग्विजय